अल्ला झोपतो कुठे? इंडोनेशियातल्या बालवाड्या आणि पालकांची शाळा

“अल्ला झोपतो कुठे?”

चार-पाच वर्षांचं मूल असं काहीतरी विचारतंच. त्यापाठोपाठ पुढचे प्रश्न येतात. तो दिसत का नाही? त्याला भूक लागते का? आजी वारली, म्हणजे ती आता त्याच्या घरी राहते का? बालवाडीत विचारलं तर बाई खाली बसून, मुलाच्या डोळ्यांत बघून काहीतरी सांगतात. तेच घरी रात्री, दिवसभराच्या कामानं थकलेल्या आईला विचारलं तर उत्तर येतं, “असलं विचारू नये, पाप लागतं.” मूल गप्प बसतं. आपल्याकडची मुलं “देवबाप्पा कान कापेल” ऐकून गप्प बसतात, तशीच.

प्रश्न एक आणि उत्तरं दोन. दोन्ही उत्तरं मूल मनात साठवून ठेवतं. इंडोनेशियातल्या इस्लामी बालवाड्या पालकांसाठी जे कार्यक्रम चालवतात, ते या दोन उत्तरांमधलं अंतर कमी करण्यासाठी असतात. तिथे त्यांना सरळ इंग्रजी शब्द उचलून ‘प्रोग्राम पॅरेंटिंग’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती पालकसभा वाटते. पण चांगल्या शाळेत तिच्यामागे बराच विचार असतो, आणि तो मुसलमान नसलेल्या पालकांनीही समजून घ्यावा असा आहे.

इंडोनेशियाच का, तर जगात मुसलमानांची संख्या सर्वाधिक असलेल्या देशांपैकी एक असा हा देश लहान मुलांच्या धार्मिक वाढीचा विचार सरकारी नियमांतही करतो. तिथल्या 2003 च्या शिक्षण कायद्यात शिक्षणाची व्याख्या करतानाच मुलाच्या आध्यात्मिक बळाचा उल्लेख आहे. 2014 साली बालशिक्षणाची जी मानकं आली त्यांत मुलाच्या वाढीची सहा अंगं सांगितली होती. शरीर, बुद्धी, भाषा, भावना आणि समाज, कला ही पाच आपल्या ओळखीची. सहावं, आणि यादीत पहिलं मांडलेलं अंग म्हणजे धर्म आणि नीतीची मूल्यं. ते सगळ्याच धर्मांच्या मुलांसाठी होतं, फक्त मुसलमानांसाठी नव्हे. 2017 मध्ये शिक्षण मंत्रालयानं कुटुंबाला शाळेत सामील करून घेण्याबद्दल वेगळा नियमही काढला.

तिथे बालवाड्या दोन खात्यांत वाटलेल्या आहेत. ‘तामान कानाक-कानाक’ शिक्षण मंत्रालयाखाली येतात आणि ‘रौदतुल अतफाल’ धर्म मंत्रालयाखाली. पहिलं नाव इंडोनेशियन, दुसरं अरबी, आणि दोन्हींचा अर्थ एकच, मुलांची बाग. जर्मनीच्या फ्रोबेलनं एकोणिसाव्या शतकात बालशाळेला हेच नाव दिलं होतं. योग्यकार्ता शहरातल्या काउमान मोहल्ल्यात आयसियाह या मुस्लीम स्त्रियांच्या संघटनेनं 1919 मध्ये बालशाळा काढली, तेव्हा तिला चक्क फ्रोबेलचंच नाव दिलं होतं. पुढे त्या शाळांचं नाव ‘बुस्तानुल अतफाल’ झालं, आणि त्याचाही अर्थ मुलांची बागच. नारळी-पोफळीच्या वाड्या पाहिलेल्या मराठी वाचकाला ‘बालवाडी’ शब्दातली वाडी वेगळी समजावून सांगायला नको. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याही मनात हीच बाग होती. बागेची उपमा मला फार नेमकी वाटते. रोपाला दिवसातून एकदा कुणी शाळेत नेऊन पाणी पाजत नाही. ते जिथे रुजलं आहे, तिथल्याच मातीत वाढतं.

आता थोडं गणित. त्याच 2014 च्या मानकात चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी आठवड्याला किमान 900 मिनिटं शाळा सांगितली होती, म्हणजे 15 तास. आठवड्याचे तास 168. मूल रोज 11 तास झोपतं असं धरलं तर जागेपणीचे 91 तास उरतात. त्यांतले 15 शाळेत गेले, बाकीचे 76 घरी, अंगणात, आजीच्या मांडीवर, मोबाइलसमोर. शाळेनं 15 तासांत कितीही सुंदर काही शिकवलं तरी उरलेले 76 तास त्याच्या उलट दिशेनं गेले तर बाईंच्या हातात काय उरतं? पालक-कार्यक्रमाचं मूळ कारण इतकं साधं आहे.

‘आध्यात्मिक’ म्हणजे नेमकं काय

इथे बऱ्याच पालकांची, आणि खरं सांगायचं तर काही शाळांचीही, गल्लत होते. मुलाला किती दुआ, म्हणजे प्रार्थना, पाठ आहेत, कुराणाच्या तिसाव्या खंडातल्या छोट्या सूरांपैकी, म्हणजे अध्यायांपैकी, किती येतात, वजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुताना, आधी हात की आधी चेहरा हे माहीत आहे का, हे सगळं धर्माचं ज्ञान आणि सराव. ते महत्त्वाचं आहे. पण आध्यात्मिक वाढ त्याहून वेगळी आणि खोल असते. पानावरचं दव पाहून थबकणं. जेवण समोर आल्यावर ते कुठून आलं असा विचार मनात येणं. अंधारात भीती वाटली तरी ‘कुणीतरी आहे’ असा भरवसा वाटणं. मांजराच्या पिल्लाला लागलं तर आपल्याही पोटात कालवणं. चूक झाली की लपवावंसं न वाटता सांगावंसं वाटणं. इस्लामी परंपरेत याला जवळचा शब्द आहे ‘फित्रा’, माणसाची जन्मजात, निर्मळ घडण. प्रत्येक मूल फित्रेवर जन्मतं आणि त्याचे आईबाप त्याला पुढचा आकार देतात, अशी प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. 1111 साली वारलेले इस्लामी विचारवंत इमाम गझाली म्हणत की मूल ही आईबापांकडे सोपवलेली ठेव आहे आणि त्याचं हृदय म्हणजे अजून काहीही न कोरलेलं निर्मळ रत्न.

आता हे आधुनिक बालमानसशास्त्राशेजारी ठेवून बघा. दोन ते सात या वयातलं मूल अमूर्त गोष्टींचा विचार करत नाही, ते चित्रांत आणि कृतीत विचार करतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेनं दाखवलं. श्रद्धा कशी वाढते याचा अभ्यास करणारे अमेरिकेचे जेम्स फाउलर यांनी 1981 मध्ये मांडलं की साधारण तीन ते सात या काळात मुलाची श्रद्धा कल्पनाचित्रांवर आणि मोठ्यांच्या नकलेवर उभी असते. या वयात मनावर उमटलेली चित्रं फार टिकतात, चांगली आणि वाईटही. चार वर्षांच्या मुलाला ‘अल्ला दयाळू आहे’ हे वाक्य समजत नाही. दया केली की त्याला दया समजते. आणि ती करणारा माणूस बहुतेक वेळा घरातला असतो.

म्हणून पालक-कार्यक्रमाबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच: तो मुलासाठी नसतोच, तो मोठ्यांसाठी असतो. ज्या शाळेनं हे ओळखलं तिचा कार्यक्रम उपयोगी पडतो. ज्या शाळेनं पालकांना घरचे मास्तर बनवायचं ठरवलं, तिथे मुलाला एका शाळेऐवजी दोन शाळा होतात, आणि घर कुठेच उरत नाही.

कार्यक्रमात काय काय असतं

प्रकार बरेच आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी पालकांचा वर्ग, कधी एखादे उस्ताद, म्हणजे धर्मशिक्षक, तर कधी मानसशास्त्रज्ञ बोलायला येतात. शिक्षिका घरी भेट देतात. पालक वर्गात येऊन आपल्या कामाबद्दल मुलांना सांगतात. शुक्रवारी मुलं दानपेटीत नाणं टाकतात आणि ते पैसे कुठे द्यायचे यात पालकही भाग घेतात. वर्षातून एकदा मुलांची छोटी हजयात्रा होते. मक्केतल्या काब्याची प्रतिकृती उभारतात, पांढऱ्या वस्त्रांतली चिमुरडी तिच्याभोवती फेऱ्या घालतात आणि आईबाप बरोबर चालतात. फोटोंत हाच कार्यक्रम सर्वांत देखणा दिसतो. पण रोजच्या वाढीशी त्याचा संबंध फारसा नाही.

त्यापेक्षा एक साधी वही जास्त काम करते. तिला ‘बुकु पंघुबुंग’ म्हणतात, जोडणारी वही. ती मुलाच्या दप्तरात रोज शाळेतून घरी आणि घरून शाळेत जाते. बाई त्यात लिहितात, आज जेवणाआधीची दुआ शिकलो, किंवा आज मैत्रिणीला खाऊ दिला. आई लिहिते, काल रात्री अजान ऐकून स्वतःच नमाजेची चटई पसरली. दोन ओळी पुरतात. आता बऱ्याच ठिकाणी तिची जागा व्हॉट्सअॅप गटानं घेतली आहे, आणि त्यात एक नुकसान झालं आहे असं मला वाटतं. वहीत एका मुलाबद्दल एका आईशी बोलणं होतं. गटात चाळीस आया चाळीस मुलांची तुलना करतात.

तुलनेवरून आठवलं. काही शाळा पालकांना रोज भरायचा तक्ता देतात. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज केली का, दुआ म्हटली का, आईला मदत केली का, प्रत्येकापुढे खूण. हेतू चांगला असतो, सवय लागावी. पण महिनाअखेरीला आई एकदमच तीस दिवसांच्या खुणा करून टाकते आणि मूल बाजूला बसून बघत असतं, तेव्हा त्या घरात काय शिकवलं गेलं? नमाजेच्या नावानं खोटं बोलता येतं, हे. तक्ता देणाऱ्या शाळेनं रिकामी चौकट दिसली तर रागावायचं नाही, हे आधी पक्कं करायला हवं आणि पालकांना तसं तोंडानं सांगायलाही हवं. रिकामी चौकट हीसुद्धा बाईंच्या कामाची माहिती असते.

पाठांतराचंही तसंच. सूरा मोजता येतात, करुणा मोजता येत नाही. त्यामुळे बघता बघता सूरांची संख्याच यशाचं माप होऊन बसते. पाठांतराचे पदवीदान समारंभ होतात, टोप्या चढतात. इंडोनेशियाच्या शिक्षिका प्रगती नोंदवायला चार पायऱ्या वापरत आल्या आहेत: अजून उमललं नाही, उमलू लागलं, अपेक्षेप्रमाणे, फार छान. मला पहिली पायरी आवडते. ‘नापास’ नव्हे, ‘अजून नाही’. चांगल्या पालकवर्गात बाई हेच समजावतात की या वयात ‘अजून नाही’ ही बातमी काळजीची नसते.

भीतीबद्दल

पालकवर्गाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचा विषय हा आहे. कारण मोठी माणसं देवाला हाताशी धरून मुलाला वठणीवर आणतात. जेवत नाहीस? अल्ला रागावेल. खोटं बोललास? नरकात जाशील. बोलणाऱ्याच्या मनात दोन मिनिटांचा राग असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र एक आग कायमची पेटते, कारण या वयात चित्र हे चित्र म्हणून दिसत नाही, खरंच दिसतं.

आणि गंमत अशी की खुद्द परंपरा इतकी कठोर नाही. मुलांना सात वर्षांचे झाल्यावर नमाजेची सूचना द्या, असं हदीस सांगते. म्हणजे बालवाडीच्या मुलावर नमाज बंधनकारक नाहीच. सजद्यात, म्हणजे आईनं जमिनीवर कपाळ टेकलं असताना, तिच्या पाठीवर चढणं, मध्येच उठून पाणी पिणं, उलट्या दिशेला तोंड करून उभं राहणं, हे सगळं त्या वयाचं शिकणं आहे. पैगंबरांनी आपली नात उमामा हिला अंगाखांद्यावर घेऊन नमाज पढल्याची हदीस प्रसिद्ध आहे. सजद्यात असताना नातू पाठीवर बसला म्हणून त्यांनी सजदा लांबवल्याचीही आहे. शाळा जेव्हा पालकांना या गोष्टी सांगते तेव्हा ती त्यांना कोणताही नवा विचार देत नाही. त्यांचाच वारसा त्यांच्या हातात परत ठेवते. मला वाटतं, पालकवर्गात सर्वांत जास्त ऐकलं जातं ते याचमुळे.

कुराणात लुकमान नावाचे ज्ञानी पुरुष आपल्या मुलाला उपदेश करतात, तोही असाच सांगता येतो. एकत्तिसाव्या सूरेत ‘या बुनय्या’, माझ्या लाडक्या बाळा, अशी हाक मारून ते बोलतात. आधी हाक येते, मग उपदेश. ओरडून उपदेश केला तर मूल फक्त ओरडणं ऐकतं.

मग ‘अल्ला झोपतो कुठे’ याचं उत्तर काय द्यायचं? आयतुल कुर्सी या बहुतेकांना पाठ असलेल्या आयतेत, म्हणजे कुराणातल्या वचनात, त्याला ना डुलकी येते ना झोप, असं म्हटलं आहे. आईला ती आयत येते, ती रोज म्हणतेही. पण मुलाच्या प्रश्नाशी ती जोडायची हे तिला सुचलेलं नसतं. ‘अल्ला झोपतच नाही, म्हणून तू निवांत झोप’ असं रात्री पांघरूण घालताना तिनं म्हटलं, तर पाठ असलेली आयत, मुलाची भीती आणि आईचा हात हे तिन्ही एका ठिकाणी येतात. प्रश्न विचारणं पाप नाही, एवढं एकदा आईबापांना पटलं की पुढची उत्तरं त्यांची त्यांना सापडतात. आणि ‘मला माहीत नाही, आपण बाईंना विचारू’ हेही उत्तर आहे, चांगलं उत्तर आहे.

वर्गात कोण येतं, कोण येत नाही

बोलावणं आईबाप दोघांनाही जातं, येतात बहुतेक आयाच. वडील कामावर असतात, आणि मुलाचं धर्मशिक्षण ही आईची आणि उस्तादांची बाब, असा जुना समजही असतो. म्हणून काही शाळा वर्ग सुट्टीच्या दिवशी ठेवतात, काही वडिलांसाठी वेगळी बैठक घेतात. तिथे सांगण्यासारखी एक हदीस आहे. पैगंबरांनी नातू हसन याचा मुका घेतला ते पाहून अल-अक्रा नावाचा सरदार म्हणाला, मला दहा मुलं आहेत, मी एकाचाही कधी मुका घेतला नाही. त्यावर पैगंबर म्हणाले, जो दया करत नाही त्याच्यावर दया होत नाही. दहा मुलांचा तो बाप आजही बऱ्याच घरांत आहे, आणि तो वाईट माणूस नसतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, इतकंच.

पण ‘पालक’ म्हणजे आईबाप हे तरी कुठे खरं असतं? इंडोनेशियाच्या जावा बेटावरच्या खेड्यांतल्या हजारो स्त्रिया हाँगकाँग, तैवान, मलेशिया, सौदी अरेबियात घरकामाला गेलेल्या आहेत. त्यांची मुलं आजी-आजोबांकडे वाढतात. आजी वर्गात येते, मागे बसते, मानसशास्त्राचं भाषण तिच्या डोक्यावरून जातं. तिच्यासाठी तक्ते आणि पडद्यावरच्या स्लाइड उपयोगाच्या नाहीत. तिला बाई घरी जाऊन भेटल्या, चुलीपाशी बसल्या, ‘नातवाला काय आवडतं हो’ असं विचारलं, तर मात्र ती तासभर बोलते. आजीकडे गोष्टी असतात, ओव्यांसारखी लयबद्ध सलवातं, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, असतात, रमजानच्या रात्री असतात. मुलाच्या आध्यात्मिक वाढीला लागणारा कितीतरी साठा तिच्याकडे आधीच आहे. शाळेनं तिला शिकवण्यापेक्षा तिच्याकडून घ्यावं, असं मला फार वाटतं.

रमजानचाच दाखला घ्या. जावात लहान मुलांसाठी ‘पुआसा बेदुग’ असतो. बेदुग म्हणजे मशिदीतला मोठा नगारा. मूल पहाटे सगळ्यांबरोबर उठतं, जेवतं, आणि दुपारच्या नमाजेचा नगारा वाजला की रोजा सोडतं. अर्ध्या दिवसाचा रोजा. उर्दू बोलणाऱ्या घरांत यालाच चिडीचा रोजा म्हणतात, चिमणीएवढा. कुठल्याही अभ्यासक्रमात नसलेली ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि मुलाचं वय, भूक आणि मोठ्यांत सामील होण्याची ओढ तिन्ही तिनं सांभाळली आहेत. शाळांनी ती उचलून पालकांना सांगावी, कारण शहरातल्या नव्या आईबापांना कधी कधी वाटतं, पाच वर्षांच्या मुलानं पूर्ण रोजा धरला तरच तो खरा.

महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांतही बाळाला चार वर्षं, चार महिने, चार दिवस झाले की ‘बिस्मिल्ला’ करण्याची चाल आहे. मुलाला नवे कपडे घालतात, पहिली अक्षरं वाचून घेतात, गोड वाटतात. इथे अडचण वेगळी आहे. मूल सकाळी मराठी किंवा इंग्रजी बालवाडीत, संध्याकाळी मशिदीच्या मक्तबात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, आणि उरलेला वेळ घरी असतं. या तिन्ही ठिकाणच्या मोठ्यांची गाठ सहसा पडत नाही. बालवाडीच्या ताई आणि मक्तबचे मौलाना एकाच मुलाला ओळखतात, पण एकमेकांना नाही. जोडणाऱ्या वहीचा उपयोग इथे कदाचित इंडोनेशियापेक्षाही जास्त होईल.

शेवटी एक प्रकार सांगायचा राहिला, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. योग्यकार्ताच्या कोतागदे भागातल्या असद हुमाम यांनी अरबी अक्षरं शिकवण्यासाठी ‘इक्रो’ नावाची सहा छोट्या पुस्तिकांची पद्धत तयार केली. ती 1980 च्या दशकाअखेरीपासून देशभर पसरली आणि आज इंडोनेशियात मुलं बहुधा तिच्यावरूनच कुराण वाचायला शिकतात. पण बऱ्याच आईबापांना स्वतःला नीट वाचता येत नाही. लहानपणी राहून गेलेलं असतं, आणि आता त्याची लाज वाटते. मुलानं ‘हे कसं वाचायचं’ विचारलं की ते विषय बदलतात. म्हणून काही बालवाड्या मुलांना सोडायला आलेल्या आयांसाठी बाजूच्या खोलीत वाचनाचा वर्ग चालवतात. शाळेचे ते दोन-तीन तास. एका खोलीत मुलगी इक्रोच्या दुसऱ्या पुस्तिकेवर असते, शेजारच्या खोलीत तिची आई तिसऱ्या. संध्याकाळी दोघी एकाच चटईवर बसतात, आई अडखळते, मुलगी बोट ठेवून तिला अक्षर दाखवते.